बोलपटवाले काका

उइटहॉर्न या आमच्या डच गावातला एकही मराठी माणूस बोलपटवाल्या काकांच्या तावडीतून सुटलेला नाही, आणि सुटला असता तर मी त्याला कमनशिबीच म्हटलं असतं. काका म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले सर्वांत ज्येष्ठ इंजिनियर. मूळचे पुण्याचे, इथे येऊन अर्धा जन्म गेलेला, घरात एकटेच. अमेरिकेतला सिनेमा नुकताच बोलायला शिकला होता, तेव्हाचे विनोदी बोलपट हे त्यांचं एकमेव व्यसन. त्यानंतर निघालं ते सगळं काकांच्या मते 'नुसता रंग'. इथले डॉक्टर कुठल्याही दुखण्यावर पॅरासिटामॉल देतात. काका बोलपट देतात. माझी कंबर धरली तेव्हा भर पावसात सायकल हाणत आले आणि ओल्या रेनकोटातून एक डीव्हीडी काढून म्हणाले, "हॉटेलवाला बोलपट आहे. अर्धा दुपारी जेवणानंतर, अर्धा रात्री. रिकाम्या पोटी हसू नकोस."

त्यांच्याबरोबर सिनेमा बघणं ही मात्र परीक्षा असे. विनोद यायच्या आधीच ते हसायचे आणि मग सिनेमा थांबवून आम्हाला समजावायचे. "ती फुलदाणी बघ. माइक तिच्यात लपवलाय. म्हणून नवरा-बायको भांडायलासुद्धा फुलदाणीपाशी येतात!" त्यानंतर नवरा-बायको गेले उडत, आपल्याला नुसती फुलदाणीच दिसत राहायची. माझ्या नवऱ्याने एकदा "हा रंगीत करून मिळतो का?" असं विचारलं, तर काका कितीतरी दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं आणि तेही इंग्रजीत बोलले.

मी साताऱ्याची शाळेतली नोकरी सोडून नवऱ्यामागोमाग इथे आले होते. आमची इरा इथल्या शाळेत जायला लागली आणि बघता बघता मराठीत उत्तर द्यायची बंद झाली. मी "भूक लागली का गं?" विचारावं, तिने डचमध्ये "नेय", म्हणजे नाही, म्हणून खोलीत निघून जावं. हळूहळू मीही प्रश्न कमी केले. दिवसभर घरात फ्रिजचा तेवढा आवाज.

अशात इथल्या मराठी मंडळाची दिवाळी आली. इथे प्रत्येक वस्तीला बुर्टहाउस म्हणून एक सभागृह असतं, तिथे फराळानंतर पोरांना काकांचा हॉटेलवाला दाखवायचा ठरला. चित्र सुरू झालं, पण आवाजच येईना. काका वायरींशी झटले, स्पीकरला थपडा मारून झाल्या. "बोलपट, आणि मुका!" ते कळवळून म्हणाले. पोरं उठायला लागली, तसे ते माझ्याकडे वळले.

"तू शाळेत नाटकं बसवायचीस ना? ऊठ. बोल."

"काका, मला कुठे त्यातलं इंग्रजी पाठ आहे!"

"इंग्रजी कोण मागतंय? मराठीत बोल की."

मी उठून पडद्यापाशी गेले. पडद्यावरच्या मॅनेजरच्या तोंडी सरळ सातारा घातला, "काय पाव्हणं, खोली हवीय का पळवाट?" गलेलठ्ठ श्रीमंत विधवेला माझ्या मावशीचा नाकातला आवाज दिला. पोरं आधी बावरली, मग एक फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. मॅनेजर कपाटात लपला, डिटेक्टिव्ह त्याला पलंगाखाली शोधायला लागला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "आई, त्याला सांग ना! तो कपाटात आहे! कपाटात!"

इरा होती. मी पडदा सोडून मागच्या रांगेकडेच बघत राहिले.

"अगं थांबतेस काय!" काका खुर्चीतून गरजले, "पिक्चर पुढे चाललंय!"

मग तो प्रघातच पडला. स्पीकर दुरुस्त झाला तरी पोरं आवाज बंद करायला लावायची. त्यातूनच माझा शनिवारचा मराठीचा वर्ग उभा राहिला. आता इरा माझ्याशी मराठीत भांडते. "मी खूप राग आले!" म्हणते, आणि मी दुरुस्त करत नाही. काकांचे आभार मानायला गेले, तर म्हणाले, "स्पीकर बिघडला होता, दुसरं करणार काय?"

हल्ली काकांना ऐकू येईनासं झालंय. कानातलं यंत्र ते काढून ठेवतात. त्यात माणसं पत्र्याच्या पिंपातून बोलतात म्हणे. परवाच्या खेळाला ते पहिल्या रांगेत बसले होते. मी नेहमीसारखी पडद्यापाशी उभी राहून बोलत होते, आणि त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीये, हे मला दिसत होतं. तेवढ्यात इरा उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या कानाला तोंड लावून एकेक गोष्ट सांगू लागली. सबंध बोलपट पाठ असलेला तो माणूस, डोळे मिटून, "बरं, मग?" असं विचारत राहिला.