रँकिंगनंतरचे दोन फोन

मंडळी, आज दुपारी ताईकडे नेहरू नगरला जोरदार वाद ऐकला. भाची केतकीला भूगर्भशास्त्र शिकायचंय आणि दोनपैकी एक विद्यापीठ आजच निवडायचं होतं. दाजी रँकिंगमध्ये वर असलेलं नाव सोडेनात.

ताई म्हणाली, "सोयरीक करताना घरची चौकशी करता नं? मंग इथं कावून नाही?"

केतकीनं ओळखी काढून दोन्हीकडच्या विद्यार्थिनींना फोन लावले. वरच्या नंबरवाली म्हणाली, "फिल्डवर वर्षातून एकदा नेतात." दुसरी वाऱ्यात ओरडत होती, "आत्ता डोंगरावरच आहे! मॅडम दर महिन्याला आणतात."

दाजी ताईकडे पाहून हसले. "भर मंग फी! पोरीले दगडंच फोडायचे आहेत, तर डोंगरावर फोडू दे."

रँकिंगनं दोन नावांपर्यंत आणलं, पुढचं विचारावंच लागलं. तुम्ही कोणाला विचारलं होतं?