सुकलाल विहिरीत उतरला होता

"आबा, तुम्ही गाडीजवळ थांबा. हे तुमच्यासाठी नाही."

जळगावच्या एका हॉटेलातल्या सभागृहाच्या दारात, इस्त्रीच्या गणवेशात मी उभा होतो, तेव्हा आमच्या अग्निशमन अधिकाऱ्याने मला हे ऐकवले. आत निरनिराळ्या नगरपालिकांचे अधिकारी पांढऱ्या आच्छादनाच्या खुर्च्यांवर बसले होते. आगीतून, पाण्यातून, अपघातांतून माणसे काढणाऱ्यांच्या मनावर येणारा ताण कसा ओळखावा, सहकाऱ्याने सहकाऱ्याला आधार कसा द्यावा, यावर दिवसभराचा वर्ग होता. शिकवायला आलेल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "बसू द्या ना त्यांना. खुर्च्या आहेत रिकाम्या."

साहेब हसले. "यांना सवय असते, मॅडम. पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. यांच्या मनाला नाही लागत काही."

आणखी दोघे-तिघे हसले. बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलेही नाही.

आमच्या नगरपालिकेचे नाव येथे लिहीत नाही. प्रकरण चौकशीत आहे, आणि मी नियम पाळतो. एवढे लिहितो की सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात मेलेली ढोरे ओढायला माणसे आमच्याच वस्तीतून नेली जात. पुढे गावात बंब आला. वस्तीतले आम्ही काही जण फायरमन झालो. सरकारी गणवेश मिळाला. विहिरीत कोणी बुडाले की आत उतरायला मात्र कोणाचे नाव पुकारले जाईल, हे न विचारताही ठरलेले असे.

वर्गाच्या आदल्या दिवशी माझ्याच वस्तीतल्या फायरमन सुकलालचे नाव पुकारले गेले. चोपड्याच्या वाटेवर, एका केळीच्या मळ्यातली विहीर. दोन बहिणी. धाकटी घसरली, थोरली तिला धरायला गेली, दोघीही बुडाल्या. सुकलाल उतरला, दोर मी धरला. साहेब काठापासून वीस पावलांवर नाकाला रुमाल लावून उभे होते. वर आल्यावर सुकलाल मला एवढेच म्हणाला, "आबा, मी सोडात त्यास्ना हात." मुलींची बोटे एकमेकींत घट्ट अडकली होती. दोघींना एकदम वर आणता येईना. ती बोटे त्याला एकेक करून सोडवावी लागली.

आमच्यात एक रीत होती. कोणत्याही परिपत्रकात ती नाही. ज्याने दोर धरला, त्याने उतरलेल्या माणसाबरोबर त्याच्या घरी जायचे. काही विचारायचे नाही. तो बोलला तर ऐकायचे. तो दोन घास जेवला की मग आपल्या घरी यायचे. कित्येक वर्षे आम्ही ही रीत पाळली. माझ्यासाठी सुकलालने पाळली, एकदा तर माझ्या ताटासमोर दोन तास बसून.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो नाही.

कारण लपवत नाही. जळगावच्या वर्गाचे परिपत्रक मी वाचले होते. त्यात 'अधिकारी व कर्मचारी' असे स्पष्ट शब्द होते. विहिरीच्या दिवशी सकाळीच, उद्या साहेबांची जीप जळगावला न्यायची असे मला सांगितले, तेव्हा मी समजलो की कर्मचारी म्हणून मलाच नेत आहेत. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीवर बसवून विचारील, तुम्हाला काय झाले? म्हणून त्या संध्याकाळी मी जीप धुतली, बूट घासले, गणवेशाला दोनदा इस्त्री केली. सुकलाल एकटा घरी गेला.

आणि दुसऱ्या दिवशी मी गाडीजवळ थांबलो.

गाडी सभागृहाच्या खिडकीखाली होती. दुपारी आतून साहेबांचा आवाज आला. माझ्याकडूनच ऐकलेली त्या विहिरीची गोष्ट ते सांगत होते. "आम्ही त्या मुलींना बाहेर काढलं. त्यांची बोटं एकमेकींत होती हो..." पुढे त्यांना बोलवेना. ते रडले. खिडकीतून मला दिसले, बाई उठून त्यांच्याजवळ गेल्या, खांद्यावर हात ठेवला, पाणी दिले. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मला मत्सर वाटला. शब्द जाणीवपूर्वक निवडतो. राग नंतर आला. आधी मत्सर. त्या पाण्याच्या पेल्याचा. त्या हाताचा. एवढ्या लोकांसमोर रडता येते आणि रडून झाल्यावर माणूस साहेबच राहतो, या गोष्टीचा. साहेबांनी आमची विहीर नेली, आमची बोटे नेली, आणि रडूही आमचेच नेले. त्यांना मन आहे हे आत सर्वांनी न विचारता मान्य केले होते. मला मन आहे याचा पुरावा कोणत्या कार्यालयात सादर करायचा, ते मला ठाऊक नव्हते.

साहेबांना आठ दिवसांची रजा मिळाली. शिफारस बाईंनी केली.

सुकलाल तिसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. मी गेलो तेव्हा त्याची बायको दारातच म्हणाली, "आबा, यास्ना तोंडमा घास जात नही." तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, बोटे चोळत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "माले झोप येत नही, आबा." मग, "तू त्या दिन उना नही."

त्या संध्याकाळी मी आलो नव्हतो, हे खरेच होते.

रजेवरून परतल्यावर साहेबांनी जी पहिली सही केली, ती सुकलालच्या कारणे दाखवा नोटिशीवर. विनापरवानगी गैरहजेरी. आठवड्याने लिपिकाने माझ्यापुढे एक टंकलिखित जबाब ठेवला. सुकलाल हा मद्यपी असून कामावर नशेत येत असे, असे मी सांगतो, असा मजकूर. खाली माझे नाव. सहीची जागा रिकामी. सुकलाल दारूला शिवत नाही, हे त्या लिपिकालाही ठाऊक होते.

साहेबांनी मला आत बोलावले. "आबा, दोन महिने राहिलेत तुमचे. करा सही आणि सुखानं घरी जा."

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही रडलात तर तुम्हाला रजा. त्याची झोप गेली तर तो दारुडा?"

"कोण रडलं? काय बोलताय?"

"मी खिडकीखालीच होतो, साहेब. तुम्हीच थांबवलं होतंत."

तो जबाब मी उलटा केला. कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरात लिहिले: विहिरीत कोण उतरले, दोर कोणी धरला, साहेब कोठे उभे होते. खाली सही केली, आणि आवक विभागात देऊन पोच घेतली. बाहेर आलो. जळगावच्या त्या खुर्चीसाठी मन झुरत होते, ते थांबले.

आता मी निवृत्त आहे. धुळ्याला, देवपुरात राहतो. पत्रे लिहितो. उत्तरे येतात: आपला अर्ज संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे. कोणीही संबंधित नसतो. दर शनिवारी एसटीने सुकलालकडे जातो. तो आता थोडे जेवतो, सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची औषधे घेतो. नोकरी मात्र टांगणीला आहे.

येत्या सोमवारी त्याच्या विभागीय चौकशीची पहिली सुनावणी आहे. अपचारी, म्हणजे आरोप ठेवलेल्या, कर्मचाऱ्याला बाजू मांडायला बचाव सहाय्यक घेता येतो, आणि निवृत्त माणूसही चालतो. सुकलालने माझे नाव दिले आहे. दया मागणारा एकही शब्द मी लिहिलेला नाही. साहेबांना साक्षीला बोलवावे, असा अर्ज तयार आहे. त्यांच्या आजाराचा कागद मी मागणार नाही. मानसिक आरोग्याचा कायदा तो झाकतो, आणि झाकावाच. मनाच्या आजाराला शरीराच्या आजारापेक्षा कमी लेखू नका, हेही तोच कायदा सांगतो. तो अधिकाऱ्यापुरता आणि वस्तीतल्या माणसाला वगळून केलेला आहे काय, एवढे मला लेखी हवे. आणि त्या संध्याकाळी मी सुकलालला एकटा सोडला, हेही सोमवारसाठी लिहिलेल्या माझ्या निवेदनात आहे. माझी चूक मी नोंदवणार. मग त्यांची.

साहेबांचा हेवा मला आजही वाटतो. तो विझू देणार नाही. त्यांना न मागता जे मिळाले, ते सुकलालला हक्काने मिळेपर्यंत मला तोच पुरेल. सोमवारी, अकरा वाजता, मी तेथे आहे.