केदारीची सळई

शहापूरची गुणाबाई आमच्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा ती रांगेत उभी होती. रांग आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीसाठी होती. बेळगावातल्या ज्या पोलीस कचेरीत मी कारकून होतो तिचं नाव सांगत नाही. माणसं गेली, आता नाव घेऊन कुणाचं काय भलं होणार?

त्या खोलीला आमचे साहेब म्यूझियम म्हणत आणि शिपाई चोरांची खोली म्हणत. भिंतीवर जुन्या शिपायांचे पट्टे, बिल्ले आणि गावच्या जागल्याची घुंगुरकाठी होती. कोपऱ्यात ठासणीची बंदूक. मधल्या लांब टेबलावर बेड्या, खोटे रुपये पाडायचा साचा, दरोडेखोरांच्या कुऱ्हाडी. प्रत्येक वस्तूपुढं एक पाटी. माझं अक्षर वळणदार, म्हणून त्या सगळ्या पाट्या मी लिहिल्या होत्या. तेव्हा मला त्याचा गर्व होता, हेही सांगून टाकतो.

१९३१ साली खंडेनवमीला खोली पहिल्यांदा लोकांसाठी उघडली. सकाळी कचेरीत बंदुकांची पूजा झाली आणि दुपारी दार उघडलं. लोक कुऱ्हाडींपुढं गर्दी करत होते. गुणाबाई मात्र टेबलाच्या पार टोकाला गेली. तिथं हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. विणलेलं लुगडं ज्या लाकडी दांड्यावर गुंडाळत जातात त्याच्या भोकात अशी सळई घालून तो फिरवतात. शहापुरात घरोघरी ती असते.

"आण्णा," ती मला म्हणाली, "ह्या पाटीवर काय लिवलंय तेवढं वाचून दावा. मला वाचाय येत न्हाय."

पाटीवर लिहिलं होतं: घरफोडीचे हत्यार. गुन्हेगार केदारी, शहापूर.

ती कोण हे मला विचारावं लागलं नाही. पाच वर्षांपूर्वी कोर्टाच्या दारात तिला मी पाहिलं होतं. केदारीचा जबाब स्वच्छ अक्षरात उतरवून काढणाराही मीच होतो. त्या वर्षी नवरात्रात अष्टमीच्या रात्री बेळगावातल्या एका पेढीची भिंत कुणीतरी फोडली. केदारी आदल्या दिवशी तिथं लुगडी देऊन आला होता, म्हणून नवमीला सकाळी पोलीस त्याच्या घरी गेले. सळई चिंच-राखेनं घासून चकचकीत केलेली सापडली. फौजदार लांबच्या मुलखातले आणि नाकावर माशी बसू न देणारे. एरवी गंजकं असणारं लोखंड आजच कसं चमकतं, म्हणून त्यांनी विचारलं. चुना-मातीचे डाग धुऊन काढलेस ना? केदारी म्हणाला, "व्हय, पहाटं मीच धुतली. आज नवमी न्हवं का." जबाबात 'मीच धुतली' एवढंच उतरलं. नवमीचं वाक्य फौजदारांनी गाळायला सांगितलं आणि मी गाळलं.

त्याच सकाळी आमच्या कचेरीत बंदुका घासूनपुसून मांडल्या होत्या. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. शेजारपाजारचा कुणी साक्षीला आला नाही. केदारीला तीन वर्षांची सजा झाली आणि दुसऱ्या वर्षी तापानं तो तुरुंगातच वारला.

आता त्याची बायको माझ्यापुढं उभी होती.

"मागाची सळई," मी म्हणालो. "विणकर केदारी, शहापूर."

"परत वाचा."

मी परत तेच म्हणालो. तिनं पदराची गाठ सोडली, चिमूटभर कुंकू काढलं आणि सळईला लावलं. भरमू शिपाई अंगावर ओरडणार होता, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. ती गेल्यावर मी कुंकू पुसलं. चोरी मीच करत असल्यासारखा दाराकडं बघत पुसलं.

गुणाबाई अंगानं काटकुळी, बोलायला तोडून टाकणारी. नवरा गेल्यावर मागाच्या खड्ड्यात ती स्वतः बसली. बाईमाणूस मागावर बसतं म्हणून गल्लीनं बोटं मोडली. तिनं ऐकून घेतलं आणि विणत राहिली. लोखंडी सळई तिनं पुन्हा घेतली नाही, बाभळीची खुंटी घालून दांडा फिरवायची. खुंटी निसटली की मनगटावर बसे. तिचं उजवं मनगट कायम काळंनिळं असायचं. दुसरी सळई का घेत नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "माझी हाय की. सरकारात हाय."

पुढची दोन वर्षंही ती आली. दोन्ही वर्षं तिनं मला पाटी वाचायला लावली आणि मी तेच खोटं वाचलं.

१९३४ साली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती कचेरीच्या दारात आली. "आण्णा, उद्या समाजाचे पंच येणार हाईत तुमच्या खोलीत. माझ्या अंजनीचं लगीन वडगावच्या घरात जमत आलंय, पण चोराची पोर म्हणून अडलंय. म्या म्हटलं, सरकारनं पाटीवर काय लिवलंय ते तुमच्याच डोळ्यांनी बघा. बसवंत मास्तर वाचून दावणार हाईत."

मी दिलासा म्हणून दिलेलं खोटं या बाईनं पोरीच्या लग्नासाठी पणाला लावलं होतं. मास्तर खरी पाटी वाचणार, पंच उठून जाणार आणि अंजनी जन्मभर घरात बसणार. पाटी बदलावी तर साहेबांची परवानगी हवी. कोर्टाच्या निकालाविरुद्ध साहेब ती कशी देणार? रात्रभर मी स्वतःला शिव्या दिल्या.

पहाटे शहापूरला निघालो, तिला खरं काय ते सांगून पंचांना थांबवावं म्हणून. शहापूर आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. गल्लीत शिरलो आणि माझे पाय थांबले. प्रत्येक घराचं दार उघडं होतं. प्रत्येक घरात माग बंद होता. मागापुढं पाटावर धोटा, फणी आणि घासून लखलखीत केलेली लोखंडी सळई, तिच्यावर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. मी मोजत गेलो. बारा घरांत बारा सळया, बाराही धुतलेल्या. एवढं बघायला कुणाला काय लागलं असतं? त्या नवमीला फौजदारांनी शेजारच्या एका घरात डोकावलं असतं तर केदारी जगला असता. माझ्या लेखणीनं एक वाक्य गाळलं नसतं तरी कदाचित जगला असता.

तेराव्या घरात पाटावर बाभळीची खुंटी होती. तिलाही कुंकू लावलेलं होतं.

"आण्णा, तुमी? एवढ्या सकाळी?" गुणाबाई म्हणाली.

"काही नाही आक्का. वाटेत होतो." एवढंच बोलून मी माघारी फिरलो.

कचेरीत येऊन मी जुनी पाटी काढली आणि फाडली. नव्या पाटीवर लिहिलं: मागाची सळई. विणकर केदारी, शहापूर. इतकी वर्षं पाट्या लिहिल्या, पण इतकं हळू अक्षर कधी काढलं नव्हतं.

दुपारी पंच आले. नेमके साहेबही पाहुणे घेऊन खोलीत उभे होते. बसवंत मास्तरांनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग पंचांतले सगळ्यांत म्हातारे सुबराव पुढं झाले. त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"त्या दिवशी माझ्या घरात बी सळई धुतलेली हुती," ते म्हणाले. "आमच्या समद्यांच्या घरात हुती. आमी भ्यालो. तोंडाला कुलूप लावून बसलो. गुणा, पोरीचं लगीन आमी उभं राहून करू."

गुणाबाई रडली नाही. तिनं कुंकू काढून सळईला लावलं आणि या वेळी मी ते पुसलं नाही.

लोक गेल्यावर साहेबांनी विचारलं, "ही पाटी कुणी लिहिली?"

"मीच, साहेब."

"आणि आधीची?"

"तीही मीच. आणि तो जबाबही."

आठ दिवसांत माझी नोकरी गेली. पाटी त्याच संध्याकाळी साहेबांनी काढायला लावली, पण ती वाचून झाली होती. मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागलो. बायको महिनाभर माझ्याशी बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं.

अंजनीच्या लग्नाला मात्र गेलो. ते खोटं माझ्या मनाला खात होतं. मांडवात गुणाबाईला बाजूला घेऊन म्हणालो, "आक्का, एक सांगायचं राहिलंय. आधीची तीन वर्षं मी तुम्हाला जे वाचून दाखवलं ते पाटीवर..."

"न्हवतं," ती म्हणाली. "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? वाचणारा माणूस पाटीकडं बघून वाचतोय. तुमी माझ्याकडं बघून वाचत हुता."

"मग पंचांना कशाच्या जोरावर बोलावलंत? मी पाटी बदलली नसती तर?"

तिनं आपलं काळंनिळं मनगट पदराखाली घेतलं. "तीन सालं तुमी तेच बोललासा. एक शब्द हिकडचा तिकडं झाला न्हाय. म्या म्हटलं, ह्या माणसाच्या पोटात खरं हाय. येळ आली की लिवंल."

पंगत बसत होती. पंचांच्या ओळीत सुबरावांच्या शेजारी एक पाट रिकामा ठेवला होता, समोर पान वाढलेलं होतं. नवरीच्या बापाची जागा ती. गुणाबाईनं मला तिथं नेलं आणि म्हणाली, "बसा आण्णा. जेवा."