आत्याच्या डबीची शिनाख्त

झरीत आत्याच्या घरावर दरोडा पडला तो दिवेलागणीच्या सुमाराला. आत्या विधवा, घरात एकटीच. डोक्याला घोंगड्या गुंडाळलेले लोक आत शिरले. त्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. त्यांनी कणग्या उलथ्या केल्या, भांडी उचलली आणि जाताना तिच्या गळ्यातला दोरा तोडून चांदीची डबी नेली. डबीत तिचं इष्टलिंग होतं. आम्ही लिंगायत. दीक्षेत मिळालेलं लिंग अंगावरून उतरवायचं नाही आणि ते तळहातावर घेऊन पूजल्याशिवाय जेवायचं नाही, ही आमच्यातली रीत.

डबी लवकरच सापडली. जिंतूरकडच्या एका मेंढपाळाच्या वाड्यात कडब्याखाली ती निघाली, असं पंचनामा सांगत होता. पोलिसांच्या अमिनाने, म्हणजे फौजदाराने, तो मेंढपाळ आणि त्याचे भाऊबंद धरले, डबी लाखेने मोहोरबंद केली आणि मुद्देमाल म्हणून जमा केली.

त्या काळी आमच्याकडे अदालतीचा कारभार उर्दूत चाले; मी परभणीत एका वकिलांकडे उर्दू अर्ज लिहीत असे. वर्तमानपत्रात नोकरी लागली ती नंतर. आत्या माझ्याकडे आली ती डबी घरी नेण्यासाठी.

"सापडलं न्हवं? मंग देऊन टाका म्हणावं."

"आत्या, निकाल लागेपर्यंत मिळत नाही."

"निकाल त्यांचा लागायचाय. माझा कामून?"

आमच्या गुरूंकडे, जंगम स्वामींकडे गेलो. हरवलं असतं तर दुसरं बांधलं असतं, ते म्हणाले. पण हे हरवलेलं नाही, सरकारच्या पेटीत आहे. तोवर दूध आणि केळी घ्यायची मुभा त्यांनी दिली. आत्या तेवढ्यावरच राहिली. ज्वारीची कापणी झाली, आंब्यांना कैऱ्या लागल्या, तारखा पडत गेल्या. ती रोज सकाळी अंघोळ करून डावा तळहात रिकामा धरून बसायची. तिची चोळी अंगावर ढिली पडू लागली.

चेहरे कोणी पाहिले नव्हते. त्यामुळे सगळा खटला डबीवर उभा होता. आत्याने ती ओळखली पाहिजे, आणि तीही तशाच इतर डब्यांत मिसळून ठेवलेली असताना. त्याशिवाय अदालत ती ओळख, म्हणजे शिनाख्त, मानत नाही. नायब तहसीलदारांनी गावातल्या लिंगायतांकडून डब्या मागवल्या. एकानेही दिली नाही. देणार कशी? कोणी घटकाभरही गळ्यातून काढत नाही. हे मी आधीच सांगितलं होतं. त्यांच्या पेशकाराने, म्हणजे कारकुनाने, मान हलवली होती आणि पुन्हा तीच मागणी लिहून पाठवली होती.

मग सोनाराकडून नव्या डब्या आणल्या. नव्यांत एक जुनी, हे आंधळ्यालाही कळेल, असं मी म्हणालो. माझं बोलणं नायब तहसीलदारांना पटलं, ही माझी चूक झाली म्हणायची. त्यांनी जुनी डबीही सोनाराकडून चिंचेने घासून चकचकीत करून घेतली. शिवाय धर्माचा मान राखायचा म्हणून लिंग काढून वेगळं मोहोरबंद केलं. टेबलावर सगळ्या रिकाम्या डब्या मांडल्या. प्रत्येक कृती नियमाला धरून होती.

"मां साहेब, इत्मिनान से देखो," नायब तहसीलदार म्हणाले.

आत्याने सगळ्या डब्या पाहिल्या. हात लावला नाही.

"यातली माझी न्हाई."

"गौर से देखो."

"माझी मी कधी रिकामी पाह्यलीच न्हाई, साहेब. वळखू कशी? तिच्यातलं आणा, हातावर ठेवा. डोळे झाकून सांगते."

ते नियमात बसत नव्हतं. पेशकाराने उर्दूत एक ओळ लिहिली: शिनाख्त झाली नाही.

पुढे अदालतीत आरोपींच्या वकिलांना फार कष्ट पडले नाहीत. पाचांहून कमी माणसं असली तर दरोडा ठरत नाही, म्हणून त्यांनी विचारलं, "किती जण होते?"

"तोंडं दिसली न्हाईत. हात दिसले."

"मग हात किती होते?"

"अंगावर पडतेत तवा कोणी मोजीत बसतंय का? तुमच्यावर पडले तर मोजून सांगा."

लोक हसले. न्यायासनावरच्या मुन्सिफांनीही खाली पाहिलं. पण कागदावर आलं ते एवढंच: फिर्यादीला संख्या सांगता येत नाही.

सगळे आरोपी निर्दोष सुटले. मुद्देमालाचा प्रश्न निघाला तेव्हा मेंढपाळ हात जोडून म्हणाला, "सरकार, ही डबी माझी न्हाई. वाड्यात कोणी टाकली मला ठावं न्हाई." दुसरा कोणी दावेदार नव्हता. फिर्यादीत वर्णन होतं. म्हणून डबी आणि लिंग फिर्यादीला परत करण्याचा हुकूम झाला.

मी माझ्या वकिलांना गाठलं. डबी तिची नसेल तर तिला का देता? तिची असेल तर ती त्याच्या वाड्यात आली कशी?

"हे दोन वेगवेगळे सवाल आहेत," ते म्हणाले आणि दुसऱ्या पक्षकाराकडे वळले.

झरीवरून जाणारी जिंतूरची मोटार एकच. मेंढपाळ आणि त्याचे भाऊबंद आमच्याच मोटारीत चढले, समोरच्या बाकावर बसले. शहर मागे पडल्यावर तो वाकून म्हणाला, "आजी, भेटलं का तुमचं?"

"भेटलं."

"बरं झालं. लय हाल झाले तुमचे."

तो चोर असल्याने बोलत होता की नसल्याने, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. ते शोधण्यासाठीच ही सगळी खटपट झाली होती.

झरीला उतरल्यावर आत्याने विहिरीवर अंघोळ केली, लिंग तळहातावर घेतलं आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. नंतर चूल पेटवली. भाकरीचा पहिला घास तिने हळू, मन लावून चावला. मी ताटापुढे बसून मुन्सिफांना, पेशकाराला आणि नियमांना नावं ठेवत होतो.

"लेकरा, भाकर निवायलीय," ती म्हणाली आणि माझ्या ताटात पिठलं वाढलं.