ताईच्या डोक्यावरचे ढीग

मुकादमला रागवायला कारण लागत नाही, असं तिच्या टोळीतली माणसं म्हणायची. साफ खोटं. कारण लागायचं, फक्त ते शोधायला तिला लांब जावं लागत नसे.

आता हेच बघा. बर्फ वितळला की टोळी राखीव रानात चढायची, ती पुन्हा बर्फ पडेपर्यंत तिथेच. काम एकच: वणव्याला खायला मिळेल असं काही शिल्लक ठेवायचं नाही. मेलेली झाडं आडवी करायची, दाटीवाटीनं उगवलेली काटकुळी रोपं काढायची, हात पोचेल तिथवरच्या फांद्या छाटायच्या. आणि हे सगळं हातानं. रान राखीव, म्हणून इंजिनाचा आवाज नको, मोटारीची करवत नको, चाकसुद्धा नको. एका वर्षी पैलवानानं निदान एक ढकलगाडी तरी द्या म्हणून हात जोडले, तर ढकलगाडीलाही चाक असतं, असं उत्तर आलं. तेव्हा कुऱ्हाडी, कोयते आणि दोघांनी ओढायची ती लांबलचक करवत, सगळं पाठीवर मारून न्यायचं.

पैलवान म्हणजे मुकादमचा करवतीवरचा जोडीदार. अंगानं इतका किरकोळ, की करवत खांद्यावर घेतली की करवतच त्याला घेऊन चाललीय असं वाटावं. पण भल्याभल्यांना जमत नाही ते त्याला जमायचं. आपल्या बाजूला ओढून झालं की तो हात सैल सोडायचा, समोरच्याच्या अंगावर करवत ढकलायचा नाही. म्हणून मुकादम त्याच्यावर इतरांपेक्षा जरा कमी ओरडायची.

कापलेलं सगळं गोळा करून ढीग रचायचे. पोटात बारीक काड्या, बाहेरून जाड फांद्या आणि वर मेणकागदाचं टोपरं, म्हणजे पावसात कितीही भिजला तरी ढीग आत कोरडा राहतो. मग हिवाळ्यात भोवती बर्फ असताना वनखात्याच्या कचेरीची माणसं येऊन ते पेटवणार, म्हणजे आग इकडेतिकडे पळणार नाही. पेटवणं टोळीच्या हातात नव्हतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. एका हिवाळ्यात वारा फार होता. दुसऱ्यात वारा इतका कमी, की धूर खालच्या वस्तीत साठून राहील म्हणून परवानगी मिळेना. तिसऱ्यात वारा अगदी हवा तसा होता, तर माणसं नव्हती. उत्तर दर वेळी एकच: पुढच्या हिवाळ्यात नक्की. टोळीत त्याची इतकी थट्टा चालायची, की उसनी घेतलेली कानस कधी परत देतोस म्हणून विचारलं तरी तेच ऐकायला मिळायचं.

मुकादमला मात्र हसू येत नसे. त्यातले काही ढीग तिच्या सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर होते.

वस्तीतलं सगळ्यांत वरचं घर ताईचं. परसदार संपलं की डोंगर सुरू. खाली उतरायला एकच रस्ता, तोही एका वेळी एक गाडी जाईल एवढा, आणि ताईचे गुडघे असे, की फाटकापर्यंत जायचं तरी भिंतीला हात लावत जावं लागायचं. सुट्टीच्या दिवशी मुकादम तिच्याकडे आंघोळीला आणि जेवायला यायची. रानात सगळ्यांवर डाफरणारी ही रुंद खांद्यांची, केस पिकलेली बाई ताईच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला की 'छकू' व्हायची.

"छकू, जरा खिडकीतून बघ. तुझे ढीग तांबडे झालेत."

"माहितीये."

"म्हणजे वाळले ना गं?"

"हो ताई, वाळले."

"मग पेटवणार कधी? मी गेल्यावर?"

"मला काय विचारतेस? पेटवणं माझ्याकडे आहे का?"

"रचलेस तर तूच ना," असं म्हणून ताईनं तिच्या ताटात आणखी भात वाढला.

मुकादम भात कालवायला लागली. खोटं काय होतं त्यात? आधी हा सगळा पाचोळा डोंगरभर पसरलेला होता. तिनंच तो वेचून वेचून एका जागी आणला, दाबून बसवला, आतून कोरडा राहील अशी काळजी घेतली आणि बहिणीच्या छपरावर नेऊन ठेवला. एक ठिणगी पडायचा अवकाश. वणव्याची एवढी बडदास्त आजवर कोणी ठेवली नसेल, असं तिच्या मनात आलं.

हंगाम सरत आला तेव्हा अवजारांच्या शेडमध्ये तिनं कचेरीच्या मॅडमना गाठलं. मॅडम वयानं लहान, कायम घाईत, कायम झोप न झालेल्या.

"मॅडम, ताईच्या वरचे ढीग या हिवाळ्यात तरी पेटणार का?"

"प्रयत्न चालू आहेत."

"म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे प्रयत्न चालू आहेत, बाई. त्यापुढे मी आज काही बोलू शकत नाही. तुम्ही पलीकडच्या खिंडीत नवे ढीग रचायला सुरुवात करा."

नवे ढीग! मुकादमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं करवत अशी आपटली, की पातं बराच वेळ गुणगुणत राहिलं.

दुसऱ्या दिवशी टोळी खिंडीकडे वळायला लागली, तर मुकादम सरळ वर, ताईच्या घरामागच्या उतारावर चढली. पहिल्याच ढिगाचा मेणकागद तिनं टराटरा फाडला.

"मोडा," ती म्हणाली.

"काय मोडा?" पैलवान म्हणाला.

"ढीग. सगळं ओढून काढा, तुकडे करा, जमिनीलगत पसरा, म्हणजे आग लागली तरी उंच भडकणार नाही. वाळलेल्या बारीक काड्या उचलून पलीकडच्या खडकाळीत टाकायच्या."

"मुकादम, आपणच रचलेलं आपणच मोडायचं? आणि कचेरीला काय सांगायचं?"

"प्रयत्न चालू आहेत म्हणून सांग."

सगळे हसले, आणि मग कोणी हसलं नाही. रचलेला ढीग मोडणं हे रचण्यापेक्षा वाईट काम. फांद्या एकमेकींत अडकलेल्या. एक ओढली की चार अंगावर यायच्या. वाळका पाला सदऱ्यात शिरायचा, नाकात बसायचा, दंडांवर ओरखडेच ओरखडे. आपल्या हातच्या कामाची अशी वाट लावताना माणसं चिडत होती आणि राग मुकादमवर काढता येत नाही म्हणून कोयत्यावर काढत होती. दिवस संपला की ताई खिडकीतून हात हलवायची. तिला वाटायचं, पेटवायचीच तयारी चाललीय. मुकादमही हात हलवायची. सगळं खडकाळीत नेऊन टाकलं की मगच ताईला सांगू, असं तिनं ठरवलं होतं.

पण तेवढी सवड मिळाली नाही. ताईच्या घरावरचे ढीग तेवढे मोडून पसरून झाले, काड्या उचलायच्या बाकीच होत्या, आणि बर्फ पडला. तंबू गुंडाळले गेले. टोळी पांगली.

आणि मग मॅडमचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका आनंदी.

"बाई, मिळाली परवानगी! वारा, धूर, माणसं, सगळं जुळलंय. दोनच दिवस आहेत हातात. पैलवानाला घेऊन या, ढीग दाखवायला तुम्हीच हव्यात."

मुकादमनं तेव्हाच सांगायला हवं होतं. ती 'येते' एवढंच म्हणाली. पेटवायला आलेली माणसं तेलाचे डबे घेऊन गप्पा मारत डोंगर चढत होती आणि ही सगळ्यांच्या मागे मान खाली घालून चालत होती. उतारावर पोचल्यावर मॅडमनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळीकडे सपाट पांढरं.

"ढीग कुठायत?"

"मोडले," मुकादम म्हणाली. "मी मोडले."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एका बुंध्यावर बसल्या आणि त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"या दोन दिवसांसाठी मी वर्षभर भांडतेय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत पहिली हीच जागा मागितली होती, तुमच्या ताईंची म्हणून."

"एका शब्दानं तरी सांगायचंत!"

"सांगितलं होतं. प्रयत्न चालू आहेत म्हणून."

मॅडमनी खरंच सांगितलं होतं. तिनं मात्र ते शब्द इतक्यांदा ऐकले होते, की त्यांचा अर्थ 'नाही' असाच धरून टाकला होता.

पेटवणारी माणसं डोंगराच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. तिथले ढीग शाबूत होते. मुकादम तिथेच थांबली, पैलवानही. गुडघे टेकून तिनं बर्फ उकरला, हाताला लागतील त्या फांद्या उपसून एकावर एक टाकल्या, मागे राहिलेल्या एका डब्यातलं तेल त्यावर ओतलं आणि काडी ओढली. तेल भडकलं, फांद्या फसफसल्या, पिवळा धूर निघाला आणि सगळं विझलं. तिनं पुन्हा ओतलं. पुन्हा विझलं. तेव्हा पैलवानानं तिच्या हातातून डबा काढून घेतला.

"आत ओल गेलीय, मुकादम. नाही पेटणार."

"कळतंय मला!" ती किंचाळली, आणि मग तिथेच बसून रडली. पैलवान दुसरीकडे बघत उभा राहिला.

दिवस मावळायच्या आत सगळे खाली उतरले. पलीकडच्या बाजूनं धुराचे चांगले जाड खांब सरळ वर चढत होते. ताई भिंत धरत धरत फाटकापर्यंत आली होती. किती दिवसांनी आली होती कोणास ठाऊक. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"पेटवले गं एकदाचे! सकाळपासून बघतेय मी. छकू, आपल्या वरचेही झाले ना?"

मुकादमनं मागे वळून डोंगराकडे पाहिलं. बर्फाखाली सगळं तसंच पडलेलं होतं. उन्हाळ्यात ते पुन्हा वाळणार होतं, आणि तिला ते पुन्हा वेचायचं होतं, रचायचं होतं, कागदानं झाकायचं होतं.

"छकू?"

"पुढच्या हिवाळ्यात," ती म्हणाली. "नक्की."

ताई भिंतीला हात लावून घराकडे वळली.