डांबरावर टेकलेला तळहात

फुटाळा तलावाजवळच्या बंगल्यातली दोन अजस्र कुत्री, एक ग्रेट डेन आणि एक सेंट बर्नार्ड, तो फिरवायचा. मी सातवीत शाळा सोडून साताऱ्याहून आलेला, शेजारच्या बंगल्यावर माळी. नोकरी जाईल या धास्तीनं कुणाशी बोलायचो नाही. त्याचंही नाव विचारलं नाही.

"डेन वाऱ्यावानी पळते, पण त्या चिंचेपर्यंतच," तो कुंपणावरून सांगायचा. "बर्नाड धावत नाही गा, पण तलावापर्यंत दमतही नाही."

निघण्याआधी तो डांबरावर तळहात टेकवायचा. चटका बसला की फेरी रद्द.

मे महिन्यात भर दुपारी त्याच्या साहेबांनी पाहुण्यांसमोर दोन्ही कुत्र्यांची शर्यत लावायला सांगितलं. त्यानं तळहात टेकवून लगेच उचलला.

"नाही पळवत, साहेब. मरतीन."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. तुम्ही हात ठेवून पाहा."

साहेब वाकले नाहीत. तो साखळ्या धरून सावलीत बसला, तो उठलाच नाही.

संध्याकाळी त्याला कामावरून काढलं. "तू काहून घाबरून राहिला गा?" जाताना तो मलाच म्हणाला. "कुत्रे जित्ते आहेत ना."

दुसऱ्या दुपारी नवा माणूस कुत्री घेऊन फाटकाबाहेर आला. मी झारी खाली ठेवली, रस्त्यावर जाऊन त्याच्या वाटेत उभा राहिलो आणि म्हणालो, "आधी हात टेकव."