सात नंबरचा झगा

इस्त्रीमावशीला ख्रिस्ती मंडळीतले लोक फार मान देत आणि मान देता देता कामही देत. तीस वर्षं ती उपासनामंदिराचे कपडे धुऊन, खळ घालून, इस्त्री करून देत होती. त्यात वेदीवरची वस्त्रं होती, गाणाऱ्यांचे पोशाख होते आणि बाप्तिस्म्याचे बारा पांढरे झगे होते. प्रत्येक झग्याच्या गळ्याच्या आतल्या बाजूला तिने लाल दोऱ्याने आकडा घातलेला होता. तिच्या घरात मागच्या खोलीत तीन इस्त्र्या आणि पुढच्या खोलीत ती, मुलगा आणि सून. मुलगा कामावर गेला की सासू-सून दिवसभर वाफेत उभ्या राहून एकमेकींच्या चुका काढायच्या. त्यामुळे दोघींचं छान चाललं होतं.

मंडळी सुरू झाली तेव्हापासून तिथे एक रीत होती. ज्याला विश्वासात यायचं असेल त्याला एक जुना सोबती नेमून दिला जाई. शिकणाऱ्याने वर्षभर दर आठवड्याला सोबत्याच्या घरी जायचं, वाचायचं, अडेल ते विचारायचं, प्रार्थना करायला शिकायचं. वर्ष सरलं की बाप्तिस्मा. मंदिरात पुढच्या ओट्याखाली हौद होता, फळ्या उचलल्या की दिसायचा. शिकणारा पाण्यात उतरून वर येई तेव्हा काठावरून हात द्यायला त्याचा सोबतीच उभा असे. दुसऱ्या कुणी तो हात द्यायचा नाही, धर्मगुरू असलेल्या पाळकांनीसुद्धा नाही. पहिल्या पाळकांनी भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं होतं की शिष्य घडवणं हे आपलं काम आहे. ती अक्षरं अजून जागेवर होती, पण आता स्पीकरच्या खोक्यांमागे गेली होती.

नऊ वर्षांपूर्वी एकदम बाराजण शिकायला आले. मावशीने प्रत्येकाचं माप घेऊन झगे बेतले. तीन नंबरचा होता एक घड्याळजी. तो पाय ओढत चालायचा, म्हणून त्याच्या झग्याला खाली जास्त घेर ठेवला. त्याचे सोबती होते बटणांचे व्यापारी, जे पुढे मंडळीचे अध्यक्ष झाले. सात नंबरची होती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी एक ठेंगणी मुलगी. तिचा झगा चार बोटं आखूड केला. तिची सोबती खुद्द मावशी.

तीन मंगळवार मुलगी आली. चौथ्या मंगळवारी मंडळीचा पन्नासावा वर्धापनदिन आडवा आला. साठ गाणाऱ्यांचे साठ पोशाख, त्यांच्या चुण्या, त्यांच्या झालरी. मावशीने इस्त्रीवरून नजर न काढताच सांगितलं की वर्धापनदिन होऊ दे, मग बसू. मुलगी नंतर दोनदा येऊन दारात उभी राहिली आणि तेच उत्तर घेऊन गेली. बाकीच्या अकराजणांनाही आपापल्या सोबत्यांकडून असंच काहीसं ऐकायला मिळालं. वर्धापनदिन मात्र दणक्यात झाला. त्या गर्दीत बाराजण यायचे थांबले, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर नऊ वर्षं हौदात पाणी पडलं नाही. गाणं वाढलं, दिवे वाढले, खुर्च्या वाढल्या. मावशी महिन्यातून एकदा बाराही झगे धुऊन मंदिरातल्या कपाटात टांगून ठेवायची. कशाला, असं कुणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

यंदाच्या एका रविवारी सकाळी तिने कपाट उघडलं तर सात नंबरचा झगा खालून ओला होता. घोट्याइतकाच, आणि आखून काढल्यासारखा सरळ रेषेत. शेजारचे झगे खडखडीत कोरडे. छप्पर गळतंय म्हणावं तर पाऊस नव्हता. तिने नळदुरुस्तीवाल्याला बोलावून भिंत दाखवली. त्याने भिंत ठोकून पाहिली, फळी उचलून हौदही पाहिला. हौदात धूळ होती आणि एक मेलेला पतंग. मावशीने झगा घरी नेला, वाळवला, इस्त्री केली आणि परत टांगला.

पुढच्या रविवारी तो गुडघ्याइतका ओला होता. पाणी गार होतं, त्याला कसलाच वास नव्हता. मावशीने पुन्हा इस्त्री केली. त्याच्या पुढच्या रविवारी कमरेपर्यंत. इस्त्री ठेवली की कापड सुस्कारा टाकल्यासारखं वाजे, आणि दुसरे कपडे असं वाजत नाहीत हे तिला तीस वर्षांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. तिने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त लाज वाटत होती, कारण तो झगा कुणाचा हे ती पहिल्याच दिवशी ओळखून चुकली होती.

चौथ्या रविवारी तो छातीपर्यंत ओला झाला. त्याच्या पुढच्या रविवारी झगा थेट गळ्यापर्यंत भिजला होता, फक्त लाल आकड्याची पट्टी तेवढी कोरडी. नेमकं त्याच सकाळी उपासनेनंतर अध्यक्षांनी जाहीर केलं की येत्या रविवारनंतरच्या सोमवारी हौद सिमेंटने बुजवायचा आणि त्यावर गायकांसाठी पक्का ओटा बांधायचा. झग्यांची पुसणी करावी, असंही त्यांनी हसत सुचवलं. लोकही हसले. पाळक नवे होते, ते वही चाळू लागले. मावशीने झगा पिशवीत घातला आणि घरी आली.

सोमवारी दिवसभर पिशवी कोपऱ्यात पडून होती. मंगळवारी सकाळी मावशीने झगा फळीवर पसरला. दोन दिवसांत तो इंचभरही वाळला नव्हता. सुनेचं लक्ष गेलं आणि तिने सगळं खोदून खोदून विचारलं. मावशीने सांगून टाकलं. सून एरवी अशा गोष्टींवर कोटी केल्याशिवाय राहायची नाही. या वेळी तिने फक्त इस्त्रीचं बटण बंद केलं.

"आई, दर रविवारी हा झगा तुम्हाला काहीतरी सांगतोय," ती म्हणाली, "आणि तुम्ही दर वेळी इस्त्री करून त्याला गप्प बसवताय."

मावशीने ओला झगा पुन्हा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि चालू लागली.

चष्म्याचं दुकान तिथेच होतं. मुलगीही तिथेच होती. आता ती तिशी ओलांडलेली बाई झाली होती, स्वतःच्याही डोळ्यांना भिंगं लावलेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पिशवीतून थेंब गळून फरशीवर डाग पडत होते. बाईने पिशवीकडे पाहिलं आणि तिला मुळीच नवल वाटलं नाही.

"सात नंबरचा ना?" तिने विचारलं.

मग तिने घासायचं भिंग खाली ठेवलं आणि हळूहळू सांगितलं. गेल्या काही रविवारांपासून सकाळी जाग येताच तिला वाटायचं की आपण पाण्यात उभ्या आहोत. आधी पाय गार पडायचे, मग गुडघे, मग कंबर. अंथरूण कोरडंच असायचं. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. परवा पाणी गळ्याशी आलं होतं. हे सगळं सांगताना तिचा आवाज चढला नाही. मावशी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"तुम्ही म्हणाला होतात, काठावर मी उभी असेन," बाई म्हणाली. "मी खूप वाट पाहिली, मावशी."

मावशी रडली. रडण्यात तिने फार वेळ घालवला नाही, तिचा तो स्वभावच नव्हता. आपली चूक झाली, पोशाख मोठे वाटले आणि माणूस लहान वाटलं, असं तिने सरळ कबूल केलं आणि माफी मागितली. पुढच्या मंगळवारपासून बसू या का, असं विचारलं.

"आज मंगळवारच आहे," बाई म्हणाली.

तिने दुकानाची पाटी उलटी केली. दोघी काउंटरमागे बसल्या आणि नऊ वर्षांपूर्वी जिथे थांबल्या होत्या तिथून वाचायला लागल्या. बाईला ते पान अजून आठवत होतं. तासाभराने मावशी उठली तेव्हा पिशवीतला झगा कोरडा होता.

रविवारी मावशी उपासनेच्या वेळेला पोचली. मंदिराच्या दाराशी सिमेंटची पोती रचून ठेवलेली होती. आता पाळकांशी बोलायचं, एका माणसापुरता तरी हौद राखायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तिचा जीव अगदी हलका झाला होता. सात नंबर टांगायला तिने कपाट उघडलं आणि तिच्या पायांवर पाणी आलं.

बाकीचे अकराही झगे गळ्यापर्यंत ओले होते. कपाटाच्या तळातून पाणी खोलीभर पसरत होतं. झगे हलत नव्हते, नुसते टांगलेले होते आणि ठिबकत होते. पलीकडे गाणं सुरू झालं होतं.

मावशीने अकराच्या अकरा झगे दोन्ही हातांवर घेतले. ओल्या कपड्यांचं ओझं केवढं असतं ते ओझं वाहणाऱ्यालाच कळतं. मधल्या वाटेने ती पुढे गेली आणि तिच्यामागे फरशीवर पाण्याचा पट्टा उमटत गेला. गाणाऱ्यांचा एकेक आवाज बंद पडला. तिने झगे ओट्याच्या कठड्यावर एकेक करून पसरले, आकडा दिसेल असे.

"मी माझ्या सात नंबरकडे जाऊन आले," ती म्हणाली. "हे कुणाकुणाचे आहेत ते मी सांगणार नाही. ज्याचं त्याला माहीत आहे."

झग्यांचं पाणी ओट्याच्या फळ्यांमधून खाली हौदात पडत होतं आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मग पहिल्या रांगेतून अध्यक्ष उठले. तीन नंबरच्या झग्यापाशी जाऊन त्यांनी त्याचा खालचा घेर चिमटीत धरला.

"मावशी," त्यांनी विचारलं, "तो घड्याळजी अजून त्याच घरात राहतो का?"